न्यूझीलंडची गळकी घरं: एकेक आधार काढत गेले आणि भिंत कुजली

लाकडाचा सांगाडा, आत पेंढा नाहीतर हेम्प-चुना (भांगेच्या जातीच्या झाडाच्या काड्यांचा चुरा चुन्यात कालवलेला) नाहीतर लाकडाच्या तंतूंचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा भराव, बाहेरून चुन्याचा गिलावा, अशा भिंतीचं घर बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, पावसात कुजणार नाही का? आणि त्याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे "कुजणारच, सरळ आरसीसी करा", आणि दुसरं म्हणजे "काही होत नाही हो, ही भिंत श्वास घेते". मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हीमध्ये भिंतीत पाणी नक्की कुठून जातं, कुठे थांबतं आणि कुठून बाहेर पडतं याचा विचारच नसतो. हा विचार शिकायचा असेल तर न्यूझीलंडचं गळक्या घरांचं प्रकरण नीट वाचावं, म्हणून ते इथे सविस्तर मांडतेय. एका छोट्या देशात हजारो लाकडी घरं बांधल्यापासून दहा-पंधरा वर्षांच्या आत कुजली, लोक कंगाल झाले, सरकारी चौकशी झाली, कायदा बदलला, आणि हे सगळं सही-शिक्क्याच्या, नियमात बसणाऱ्या घरांमध्ये झालं.

आधी तिथलं घर कसं असतं ते बघू. तिथली बहुतेक घरं लाकडी फ्रेमची. साधारण ९० बाय ४५ मिलिमीटरचे उभे लाकडी खांब म्हणजे स्टड, खाली आडवी बॉटम प्लेट, वर टॉप प्लेट, मध्ये इन्सुलेशन, आतून जिप्सम बोर्ड, बाहेरून क्लॅडिंग म्हणजे पाऊस झेलणारं आवरण. लाकूड रेडिएटा पाइनचं. हे झाड तिथे भराभर वाढतं, कापायला सोपं, स्वस्त, पण टिकाऊपणात अगदीच कच्चं. सागासारखं स्वतःचं तेलबिल काही नाही, आणि त्याचा बाहेरचा पांढरा भाग तर पाणी अक्षरशः पितो. त्यामुळे साधारण १९५० च्या दशकापासून तिथे फ्रेमिंगच्या लाकडाला बोरॉनची ट्रीटमेंट द्यायची पद्धत पडली. कारण होतं लाकूड पोखरणारा भुंगा. बोरॉन दिलं की भुंगा लागत नाही, विषय संपला. पण बोरॉन बुरशीलाही आवरतं. म्हणजे पुढची कित्येक वर्षं घरांमध्ये कुठेतरी थोडंफार पाणी शिरत होतं, लाकूड ओलं होत होतं, परत वाळत होतं, आणि मधल्या काळात बोरॉन त्याला सांभाळून घेत होतं. हे काम कोणी त्याच्यावर सोपवलेलं नव्हतं, कागदावर ते फक्त भुंग्यासाठी होतं.

आता ९० च्या दशकात काय काय बदललं ते बघा, आणि यातला प्रत्येक बदल करणाऱ्याकडे त्याचं आपलं व्यवस्थित कारण होतं हे लक्षात ठेवून बघा.

१९९१ चा बिल्डिंग ॲक्ट आला. आधीचे "असंच करा" पद्धतीचे नियम जाऊन "भिंतीने एवढं काम केलं पाहिजे, कसं ते तुम्ही ठरवा" असा परफॉर्मन्सवर आधारलेला कोड आला. कल्पना म्हणून ती मला आजही चांगली वाटते, नवीन मटेरियलला दार उघडतं. पण ती चालायला सायटीवर माहीतगार माणसं आणि कडक तपासणी लागते, आणि त्याच वेळी तपासणीचं काम खाजगी सर्टिफायरनाही करता येऊ लागलं.

मग फॅशन बदलली. भूमध्य समुद्राकाठच्या गावांसारखी घरं हवीत, गुळगुळीत सलग भिंती, सपाट छत, पॅरापेट (छताच्या कडेची बुटकी भिंत), छज्जा नाहीच किंवा नावाला, बाहेर झुलणाऱ्या गॅलऱ्या. स्पेन-इटलीत अशी घरं दगड-विटांची असतात, इथे तोच चेहरा लाकडी फ्रेमवर चढवला. फायबर सिमेंटची शीट किंवा फोम किंवा स्टको (सिमेंटचा गिलावा), थेट स्टडवर ठोकलेलं, मध्ये फक्त बिल्डिंग पेपर (पाणी अडवणारा कागद), वर ॲक्रिलिकचं टेक्स्चर कोटिंग. जुन्या फळ्यांच्या क्लॅडिंगला सांधे भरपूर असायचे, पाणी शिरायचं तसं बाहेरही पडायचं आणि हवाही खेळायची. या नवीन कातडीला सांधे कमी, आणि जे होते ते फ्लॅशिंगऐवजी (पाणी बाहेर वळवणारी वाकवलेली पट्टी) सिलंटच्या, म्हणजे फट बुजवणाऱ्या रबरासारख्या लेपाच्या भरवशावर. सिलंट उन्हाने कडक होतं, फ्रेम हलते, केसाएवढी फट पडते.

इन्सुलेशन तर १९७८ पासूनच नवीन घरांना सक्तीचं झालेलं होतं, आणि ते हवंच. पण त्याचाही परिणाम सुकण्यावर होतो. पोकळ भिंतीत आतली ऊब आणि हवेची हालचाल ओल्या लाकडाला वाळवते, भिंत भरली की बाहेरचा भाग थंड राहतो आणि वाळणं मंदावतं.

आणि शेवटी लाकूड. भट्टीत वाळवलेलं पाइन बाजारात आलं, सरळ, हलकं, बोरॉनच्या ओल्या लाकडासारखं नंतर पीळ न खाणारं, बिल्डरला आवडलं. युक्तिवाद असा की भट्टीत वाळलेलं लाकूड भिंतीत कोरडंच राहणार, कोरड्या लाकडाला कूज लागत नाही, भुंग्याचा धोकाही फार नाही, मग ट्रीटमेंट कशाला? १९९५ च्या स्टँडर्डमध्ये ट्रीटमेंट नसलेल्या लाकडाला जागा मिळाली आणि १९९८ मध्ये बिल्डिंग कोडच्या मान्य मार्गात (जो पाळला की कोड पाळला असं धरतात) ते आलं. या युक्तिवादातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, फक्त "भिंतीत कोरडंच राहणार" हे गृहीत होतं, आणि ज्या भिंतीबद्दल ते गृहीत धरलं तिचे छज्जे, सांधे, फ्लॅशिंग, हवेची वाट हे सगळं दुसऱ्या कोणीतरी आधीच काढून टाकलेलं होतं. लाकडाच्या कमिटीतल्या लोकांनी क्लॅडिंग बघितलं नाही, क्लॅडिंगवाल्यांनी लाकूड बघितलं नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

आता प्रत्यक्ष भिंतीत काय होतं ते जरा जवळून बघू. गॅलरीचा कठडा घ्या. हा कठडा म्हणजे लाकडी फ्रेमची बुटकी भिंत, दोन्ही बाजूंनी शीट, वरची बाजू सपाट, तिच्यावरही टेक्स्चर कोटिंग, आणि त्या सपाट माथ्यातून स्क्रू मारून धातूचं रेलिंग बसवलेलं. बाहेरून बघितलं तर सुंदर. पाऊस पडला की माथ्यावर पाणी थांबतं कारण उतार नाही. प्रत्येक स्क्रूच्या भोकातून थोडं थोडं खाली जातं. आत गेलेलं पाणी स्टडच्या बाजूने उतरतं आणि बॉटम प्लेटवर येऊन बसतं. कठडा जिथे मुख्य भिंतीला भिडतो तिथे पाणी थेट घराच्या भिंतीत जातं, कारण त्या सांध्यात वळवणारी फ्लॅशिंग नाही, फक्त सिलंटची रेघ. खिडकीचंही तेच, चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून पाणी आत, सरळ खाली, प्लेटवर.

किती पाणी लागतं? मी हिशोब मांडून बघितला तेव्हा मलाच धक्का बसला. ९० बाय ४५ ची एक मीटर लांब प्लेट घेतली, रेडिएटाची कोरडी घनता ४५० किलो प्रति घनमीटर धरली, तर लाकडाचं वजन होतं साधारण १.८ किलो. कोरड्या भिंतीत लाकडात ओलावा असतो १२ टक्क्यांच्या आसपास. कूज लावणारी बुरशी जोमाने वाढायला लाकडाचे तंतू पाण्याने भरलेले लागतात, म्हणजे साधारण ३० टक्के. फरक १८ टक्के, म्हणजे ३०० मिली आणि वर थोडं. एक मीटर प्लेट धोक्यात आणायला एवढंच पाणी पुरतं, तेही एकदम नाही, महिनाभराच्या पावसात थेंबाथेंबाने. बरं, हे पाणी जाणार कुठे? बाहेर ॲक्रिलिक कोटिंग, शीट आणि पेपर एकमेकांना चिकटलेले, मध्ये हवा नाही, खाली निचऱ्याला जागा नाही, वर इन्सुलेशन ठासलेलं. ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावा तसं ते लाकूड. पुढचा पाऊस येतो तेव्हा मागचं वाळलेलं नसतं, आणि ट्रीटमेंट नसलेलं पाइन अशा स्थितीत काही वर्षांतच, वाईट ठिकाणी त्याहून लवकर, बोटाने खरवडावं इतकं मऊ होतं.

आणि हे दिसत नाही! बाहेरून कोटिंग छान, आतून रंग छान. कळतं तेव्हा भिंतीच्या तळाशी असलेलं स्कर्टिंग फुगलेलं असतं, कार्पेटच्या कडेच्या खिळ्यांना गंज, कुबट वास, नाहीतर विकायला काढलेल्या घराचा रिपोर्ट. ओलावा मोजायचं मीटर लावतात, दोन सुया लाकडात घुसवायच्या आणि टक्के वाचायचे, १८-२० च्या वर आकडा गेला की शंका घ्यायची. पण खरं काय ते क्लॅडिंग कापून उघडल्यावरच कळतं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्याखाली, कठडा भिंतीला लागतो तिथे, छताची कड भिंतीत घुसते तिथे, आणि जिथे क्लॅडिंग जमिनीत किंवा फरशीत गाडलेलं आहे तिथे.

पूर्वसूचना नव्हती असंही नाही. कॅनडात व्हँकुव्हरच्या किनारपट्टीवर अगदी असाच प्रकार आधी झाला होता, तिथले "लीकी कॉन्डो" (गळके फ्लॅट) म्हणजे लाकडी फ्रेम, सलग क्लॅडिंग, छज्जा नाही. तिथल्या तपासणीत छज्जा जितका रुंद तितक्या भिंतीच्या तक्रारी कमी हे स्वच्छ दिसलं होतं. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी प्रीमियर (मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला १९९८ मध्ये. ज्या वर्षी न्यूझीलंडच्या कोडने ट्रीटमेंट नसलेल्या लाकडाला मान्यता दिली, त्याच वर्षी. हे वाचताना मला अजूनही चरचरतं.

२००२ मध्ये डॉन हन यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने चौकशी केली आणि सांगितलं की ही एखाद्या बिल्डरची किंवा एखाद्या मटेरियलची चूक म्हणून सोडून देता येणार नाही, अख्खी व्यवस्थाच फसलेली आहे. डिझाइन, सायटीवरचं काम, तपासणी, नियम, सगळं. २००९ मध्ये प्राइसवॉटरहाऊसकूपर्स या सल्लागार कंपनीने सरकारसाठी अंदाज केला, साधारण ४२,००० घरं, पण कमीत कमी २२,००० आणि जास्तीत जास्त ८९,००० असू शकतात, आणि खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर. आकड्यातली ही तफावतच सांगते की कूज भिंतीच्या आत असते तेव्हा ती मोजणंसुद्धा किती अवघड आहे.

ज्यांची घरं होती त्यांचं काय झालं हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दावा करायचा तर घर बांधून दहा वर्षांच्या आत. बऱ्याच लोकांना कळलं तेव्हा मुदत संपलेली किंवा संपत आलेली. एकेका प्रोजेक्टपुरत्या काढलेल्या बिल्डरच्या कंपन्या बंद झालेल्या, सर्टिफायर कंपन्यांचा विमा गेल्यावर त्या बसलेल्या, मग कोर्टात उभं राहायला उरली फक्त नगरपालिका, म्हणजे शेवटी करदातेच. २०११ मध्ये मदत योजना आली, सरकार २५ टक्के, नगरपालिका २५ टक्के, उरलेले ५० टक्के घरमालकाने, आणि तो अर्धा हिस्सा म्हणजे सुद्धा अनेकांसाठी दुसरं गृहकर्ज. घर विकायचं तर कोणी घेत नाही, राहायचं तर भिंतीत बुरशी, मुलांचा खोकला थांबत नाही. निवृत्तीची सगळी पुंजी लोकांनी या भिंतींवर घातली.

दुरुस्ती काय केली ते बांधकामवाल्यांनी नीट बघावं. सगळं क्लॅडिंग उतरवायचं. कुजलेलं लाकूड कापायचं, डोळ्याला दिसतंय त्याच्या पलीकडेही बरंच, कारण बुरशीचे तंतू चांगल्या दिसणाऱ्या लाकडातही पोचलेले असतात. उरलेल्या लाकडाला सायटीवरच बोरॉन लावायचं. मग पेपर, त्यावर २० मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर क्लॅडिंग. ही २० मिलिमीटरची पोकळी खाली उघडी, निचऱ्याला वाट असलेली, उंदीर-किड्यांसाठी जाळी लावलेली. आत शिरलेलं पाणी क्लॅडिंगच्या पाठीवरून घसरून खाली निघून जातं, उरलेला ओलावा हवा घेऊन जाते. कठड्याच्या माथ्याला उतार आणि धातूची टोपी, रेलिंग बाजूने बसवलेलं. जमलं तिथे छज्जा परत.

कोडही बदलला. एप्रिल २००४ पासून फ्रेमिंगला ट्रीटमेंट परत आली, आज तिथे दुकानात गुलाबी रंगाचं लाकूड दिसतं ते बोरॉनवालं. पाण्यापासून बचावाचा जो मान्य मार्ग आहे त्यात एक जोखमीचं कोष्टक आणलं, आणि ते मला मनापासून आवडतं. वाऱ्याचा झोन, मजले, छत आणि भिंत कुठे-कशी भिडतात, छज्जा किती, घराचा आकार किती वाकडातिकडा, गॅलरी कशी, या सहा गोष्टींना गुण द्यायचे आणि भिंतीच्या प्रत्येक बाजूची बेरीज करायची. कमी गुण आले तर काही क्लॅडिंग थेट लावता येतं, वाढले की पोकळी सक्तीची, २० च्या वर गेलं तर कोष्टक सोडा, खास डिझाइन करून सिद्ध करा. म्हणजे क्लॅडिंगवाला, छतवाला, गॅलरीवाला यांना एकाच कागदावर आणलं.

आता पेंढा, हेम्प, लाकडी तंतू यांच्याकडे. तिथल्या लोकांच्या तोंडी चार गोष्टी असतात, पाणी अडवणं, निचरा, सुकणं आणि टिकाऊपणा. ऑरगॅनिक मटेरियलची भिंत तिसऱ्या गोष्टीत काचलोकर (काचेच्या बारीक तंतूंचं इन्सुलेशन) आणि प्लास्टिकच्या भिंतीपेक्षा खरोखर चांगली असू शकते, हे मी ठामपणे म्हणेन. लाकडी तंतू, सेल्युलोज (कागदाच्या तंतूंचा भराव), पेंढा हे हवेतला ओलावा शोषतात, पसरवतात, परत सोडतात, त्यामुळे थोडं पाणी एका जागी साचून राहत नाही. सेल्युलोजमध्ये तर बहुधा बोरॉनचे क्षार असतातच. चुन्याचा गिलावा वाफ जाऊ देतो. पण ही सगळी शक्ती वाफेपुरती आणि थोड्या ओलीपुरती. खिडकीच्या कोपऱ्यातून दर पावसात येणाऱ्या पाण्यापुढे ती चालत नाही, उलट ओला पेंढा काचलोकरीसारखा नुसता ओला न राहता स्वतःच कुजतो. म्हणून पेंढ्याच्या गाठी भरताना ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, हेम्प-चुना ओला भरतात तर वाळेपर्यंत वरचा गिलावा थांबवायचा, आणि चुन्यावर प्लास्टिक पेंट मारायचा नाही म्हणजे नाही. वाफ जाऊ देणारी महागडी भिंत बांधून शेवटी वॉटरप्रूफ पेंटने बंद केली की न्यूझीलंडचीच भिंत तयार झाली, फक्त आतला माल जास्त कुजणारा.

आपल्याकडे कोकणात लाकडी कॉटेज, होमस्टे निघतायत म्हणून हे लिहायचं जास्त महत्त्वाचं वाटलं. ऑकलंडला वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस, रत्नागिरीला तीन हजाराच्या पुढे, तोही चार महिन्यांत आणि समुद्राकडून झड मारणारा. आपल्या जुन्या घरांना उंच जोतं, खाली जांभा, पुढे पडवी आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं रुंद छप्पर असायचं, पावसाळ्यापूर्वी मातीच्या भिंतींना झावळ्यांचे झाप लागायचे. कोष्टकात घातलं तर या घराचे गुण फार कमी येतील. आज ड्रॉइंग येतात ती बिनछज्ज्याच्या पांढऱ्या चौकोनी डब्यांची.

आणखी एक गोष्ट थंड देशातून डोळे झाकून उचलली जाते, ती म्हणजे आतल्या बाजूला प्लास्टिकची शीट. थंडीच्या देशात आतली दमट ऊब बाहेर जाते म्हणून ती आतून अडवतात. कोकणात पावसाळ्यात एसी लावला की उलटं होतं, बाहेरची वाफ आतल्या गार बाजूकडे येते आणि त्या प्लास्टिकच्या पाठीवर पाणी सुटतं, थेट इन्सुलेशनमध्ये. तिथे आतली बाजू वाफेला मोकळी ठेवावी, मातीचा किंवा चुन्याचा गिलावा.

बोरॉनही नुसतं नावाला नको. बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची ट्रीटमेंट आपल्याकडे सर्रास देतात, पण बोरॉन पाण्यात विरघळतं, उघड्या पावसात धुऊन जातं. छपराखाली, पोकळीमागे, झडीपासून लांब असेल तर ते वर्षानुवर्षं काम करेल. पावसात उघडा राहणारा खांब, जमिनीला टेकणारी प्लेट, गॅलरीचा कठडा यांना वेगळं, न धुपणारं प्रिझर्वेटिव्ह लागतं नाहीतर ती जागा लाकडाची ठेवूच नये, खाली जांभा किंवा काँक्रीट घ्यावं. कॉटेज बांधणाऱ्याने सुताराला आणि आर्किटेक्टला एकत्र बसवून खिडकीच्या खालच्या कोपऱ्याचं मोठ्या स्केलचं ड्रॉइंग मागावं, आणि पेन्सिलने दाखवायला सांगावं की इथे पाणी आत आलं तर बाहेर कुठून पडणार.